रात्री तीनला जाग येते आणि विचारांचं दुकान उघडतं. नेमकं काय करायचं?

मीठभाकर | ३ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४७, मुक्काम नाशिक, काम हिशोबनिसाचं. झोप लागायला त्रास नाही, साडेदहाला आडवा झालो की अकराच्या आत घोरतो (पुरावा बायकोकडे आहे). पण गेले चार महिने रात्री पावणेतीन-तीनला जाग येते आणि डोक्यातलं दुकान शटर वर करून मोकळं. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, लेकीची बारावी, घराचा हप्ता, ऑफिसात कुणाला कमी करणार त्याची कुजबुज. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. पहाटे पाचला डोळा लागतो आणि साडेसहाला गजर.

गंमत म्हणजे याच गोष्टी दुपारी बारा वाजता इतक्या भयंकर वाटत नाहीत.

जप झाला, जायफळ घातलेलं दूध झालं, मोबाइल बघून झाला (सगळ्यात वाईट). ‘सकारात्मक विचार करा’ हे कृपया सांगू नका. प्रश्न एवढाच की त्या क्षणी, तीन वाजता, अंथरुणात पडलेल्या माणसाने नेमकं करायचं काय?

अर्धवटराव | ३ जुलै, रात्री ९:५८

ब्राह्ममुहूर्तावर जाग येते म्हणजे पुण्यवान आहात. आंघोळ करा आणि स्तोत्रं म्हणा. (हलके घ्या.)

निंबोणी | ३ जुलै, रात्री १०:१५

मन चिंती ते वैरी न चिंती. आमच्याकडे याला ‘तीनची पाळी’ म्हणतात. मी आणि नवरा आळीपाळीने करतो.

कातरवेळ | ३ जुलै, रात्री १०:५२

मानसशास्त्रात एम.ए. करतेय, त्यामुळे थोडं पुस्तकी बोलते.

आधी दिलासा. रात्री मधेच जाग येणं हा बिघाड नाही. गाढ झोप मुख्यतः पहिल्या अर्ध्या रात्रीत होऊन जाते. नंतरची झोप हलकी, स्वप्नांची. त्यात सगळेच जण थोडा वेळ जागे होतात, कूस बदलतात आणि सकाळी त्यांना ते आठवतही नाही. तुम्हाला आठवतं, कारण जाग आल्याआल्या तुम्ही हजेरी घ्यायला बसता.

दुसरं, विचार ढकलू नका. वैद्यबुवांची जुनी गोष्ट आहे ना, ‘हे औषध घ्या, फक्त घेताना माकड आठवायचं नाही’? अमेरिकेत डॅनियल वेग्नरने १९८७मध्ये माकडाऐवजी पांढरं अस्वल घेऊन हाच प्रयोग केला. अस्वलाचा विचार करू नका असं सांगितल्यावरही लोकांच्या मनात ते येतच राहिलं. वर, नंतर विचार करायची मुभा मिळाल्यावर, ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांनाच ते जास्त आठवलं.

अर्धवटराव | ३ जुलै, रात्री ११:०४

म्हणजे आज रात्री आईचे गुडघे, हप्ता आणि वर एक अस्वल.

गवतीचहा | ४ जुलै, सकाळी ६:१२

स्पष्ट बोलतो, राग नसावा. माझी चार एकर जमीन निफाड तालुक्यात. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, भरलाय. बाहेर पावसाळी हवा. रात्री तीनला मलाही जाग येते, मी बॅटरी घेऊन चाळीवर जातो आणि वास घेतो. कांदा सडायला लागला की आधी नाकाला कळतं. मागच्या साली याच सवयीमुळं निम्मा माल वेळेत निवडून काढला.

माझी काळजी म्हणजे मनाचा खेळ नाही, ती माझी राखण आहे. कर्ज असलेल्या माणसाला श्वास मोजायला सांगणारे लोक बघितले की डोकं फिरतं. आधी भाव द्या, मग आम्ही झोपतो.

निंबोणी | ४ जुलै, सकाळी ८:३०

गवतीचहा, +१. सगळ्याच काळज्या डोक्यातल्या नसतात.

ओसरी | ४ जुलै, दुपारी १:२०

मी समुपदेशक आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण गवतीचहांनी फार नेमकी गोष्ट लिहिली आहे, त्यांच्याही लक्षात आली नसेल. ते *उठून चाळीवर जातात*. वास घेतात. परत येतात. ती काळजी हाताला काम देते.

मीठभाकरांची काळजी हाताला काहीच देत नाही. ‘लेकीला मार्क कमी पडले तर’ या प्रश्नाचा वास कुठल्या चाळीवर जाऊन घेणार? माझ्याकडे येणाऱ्यांना मी हीच चाळणी लावायला सांगते. या काळजीवर उद्या करण्यासारखं एखादं काम आहे का? असेल तर ते काम लिहा. नसेल तर ती जर-तर आहे आणि जर-तरला रात्री तीनला उत्तर मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, ‘त्या क्षणी’ काय. निद्रानाशावर एक पद्धत आहे, रिचर्ड बूटझिन यांनी १९७२मध्ये मांडलेली. अंथरूण झोपेसाठीच. पंधरा-वीस मिनिटं झोप नाही असं वाटलं (अंदाजाने, घड्याळ बघायचं नाही) की उठायचं, मंद उजेडात दुसरीकडे बसायचं, काहीतरी नीरस करायचं आणि डोळे जड झाले की परत. पुन्हा नाही लागली, पुन्हा उठायचं. सकाळी उठण्याची वेळ मात्र बदलायची नाही, रात्र कशीही गेली तरी. दिवसा डुलक्या नाहीत. तासन्‌तास तळमळत राहिलं की शरीर शिकतं: अंथरूण म्हणजे काळजीची जागा. ती शिकवण मोडायची. पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच सांगते.

साखरझोप | ४ जुलै, दुपारी २:०५

ओसरीताई, आमची वन रूम किचन, माणसं पाच. मोरीकडे जायचं तरी सासूबाईंना ओलांडून. ‘दुसरीकडे बसा’ म्हणजे नक्की कुठे? हे सल्ले ज्यांना स्वतंत्र बेडरूम आहे त्यांच्यासाठीच असतात असं कायम वाटतं.

ओसरी | ४ जुलै, दुपारी २:४०

रास्त तक्रार. मग जागेवरच उठून बसा. पाठ भिंतीला, शाल अंगावर, उशी बाजूला. मुद्दा खोलीचा नाही, ‘आडवं पडून झोपेशी झटापट’ थांबवण्याचा आहे. डोळे मिटायला लागले की उशी परत जागेवर.

साखरझोप | ४ जुलै, दुपारी २:४४

हे जमेल. सासूबाई उठल्या तर म्हणेन जप चाललाय.

डबलबेल | ४ जुलै, संध्याकाळी ७:३३

मी एस.टी.तून निवृत्त झालेला वाहक. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी मुक्कामी गाडीवर. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबायचं, पहाटे तीच गाडी घेऊन निघायचं. झोपायचं गाडीतच, नाहीतर देवळात. पैशाची पेटी उशाखाली. सांगा आता, झोप कशी लागावी?

पण लागायची. आमचे एक जुने वाहक होते, त्यांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं. म्हणाले, पोरा, दिवा मालवायच्या आधी वेबिल पुरं कर. तिकिटं किती, रोकड किती, आणि हिशोबात फरक असेल तर तो *लिही*. दोन रुपये कमी आहेत तर ‘दोन रुपये कमी’ असं लिही. लिहिलं की ते आगाराचं झालं. नाही लिहिलं की रात्रभर तुझं.

मी निवृत्त झालो तेव्हा वेबिल संपलं आणि झोप गेली. सहा महिने कळेना काय झालं. मग मुलाची जुनी वही घेतली आणि जेवण झाल्यावर लिहायला लागलो. उद्या पेन्शनच्या कामाला जाणे. गॅस नंबर लावणे. धाकट्याशी बोलणे राहिले. तेव्हापासून बरं आहे. मानसशास्त्र मला कळत नाही.

कातरवेळ | ४ जुलै, रात्री ८:०१

डबलबेल काका, तुम्हाला कळतं! अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला २०१८चा अभ्यास आहे. ५७ तरुण प्रयोगशाळेत झोपवले. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या काही दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं. राहिलेली कामं लिहिणारे सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपले. आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. ‘आईचं बघणे’ असं नाही, ‘गुरुवारी आईचे रिपोर्ट आणणे’ असं.

अभ्यास लहान होता, मंडळी तरुण आणि धडधाकट होती, म्हणून फार उड्या मारत नाही.

अर्धवटराव | ४ जुलै, रात्री ८:१०

नऊ मिनिटं! तेवढ्यात आमची मुलं तीन वेळा पाणी मागतात.

इकडचीतिकडची | ५ जुलै, पहाटे ३:०६

वेळ बघून घाबरू नका, मी न्यू जर्सीत आहे. तुमचे रात्रीचे तीन म्हणजे आमचे आदल्या संध्याकाळचे साडेपाच. माझी पाळी उलटी असते. आई-बाबा सांगलीत, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे. ते जागे असतात तेव्हा मी झोपलेली असते, म्हणून फोन उशाशी. सगळे सांगतात फोन बाहेर ठेव. कसा ठेवू? आणि उशाशी आहे म्हणून जाग आली की हातात येतो, मग बातम्या, मग संपलंच.

शेवटी नवऱ्याने उपाय केला. आई, बाबा आणि शेजारचे काका एवढेच तीन नंबर वाजतील, बाकी सगळं रात्री गप्प, असं सेटिंग केलं आणि फोन पॅसेजमधल्या कपाटावर, आवाज मोठा. आता फोन वाजला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, हे मला *तपासायला* लागत नाही. तपासण्यातच सगळी मेख होती.

मीठभाकर | ५ जुलै, सकाळी ७:१५

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. काल उठून स्वयंपाकघरात बसलो. नीरस म्हणून जीएसटीच्या नियमांचं पुस्तक घेतलं. घात झाला, दोन चुका सापडल्या आणि पाच वाजले.

निंबोणी | ५ जुलै, सकाळी ९:००

हिशोबनिसाने जीएसटी वाचणं म्हणजे हलवायाने नैराश्यात पेढे खाणं. मुलांचं भूगोलाचं पुस्तक घ्या.

बाकी एक सांगते. मी मागे आरईबीटीच्या (विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या) कार्यशाळेला गेले होते. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत, १९५५च्या सुमाराची. म्हणणं असं की घटनेमुळे थेट त्रास होत नाही, मधे आपला एक हट्ट उभा असतो. एलिसला त्यासाठी इंग्रजीत बरंच लिहावं लागलं, आपल्याकडे मराठीत एका अक्षरात काम होतं: ‘च’. लेकीला नव्वद टक्के मिळाले*च* पाहिजेत. नोकरी टिकली*च* पाहिजे. तो ‘च’ खोडून वाक्य पुन्हा वाचायचं. इच्छा तीच राहते, गळ्यावरची पकड जाते. माझ्या बाबतीत तरी.

अर्धवटराव | ५ जुलै, सकाळी ९:११

‘मला झोप लागलीच पाहिजे’ मधला ‘च’ काढून बघतो.

कातरवेळ | ५ जुलै, सकाळी ९:३०

अर्धवटराव, गमतीत बोललात पण खरा गुन्हेगार तोच. झोप ही प्रयत्नाने न येणारी गोष्ट आहे. निद्रानाशात एक उपाय तर उलटाच सांगतात: अंधारात पडून राहा आणि शांतपणे *जागं राहायचा* प्रयत्न करा. कीर्तनात का डुलक्या लागतात? तिथे कुणी झोपायला गेलेलं नसतं.

डबलबेल | ५ जुलै, सकाळी १०:०२

एस.टी.त प्रवाशाला उतरायचं स्टॉप आलं की हमखास झोप लागायची. हे त्यातलंच.

गवतीचहा | ५ जुलै, रात्री ८:४५

ओसरी ताई, काल तुमचं दोनदा वाचलं. मान्य. पण एक विचारतो. चाळीवर जाऊन आल्यावर परत अंथरुणात पडलो की मग भाव सुरू होतो. वास झाला, आता भाव. लासलगावचा भाव काही रात्री तीनला ठरत नाही, एवढं मलाही कळतं. तरी सुरू होतो.

ओसरी | ५ जुलै, रात्री ९:२०

गवतीचहा, ही दुसरी काळजी जर-तर. तिला दिवसाची वेळ द्या. हा सल्ला हसण्यावारी नेतात, पण त्याला चांगला जुना आधार आहे. मानसशास्त्रज्ञ बॉर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये तो तपासला होता. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. झोपायच्या वेळेजवळ नको, संध्याकाळी. इतर वेळी काळजी आली की तिला ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘साडेसहाला ये’ म्हणायचं. आणि साडेसहाला खरंच बसायचं, हे महत्त्वाचं. नाहीतर रात्रीच्या मनाला कळतं की हा माणूस थापा मारतो.

त्या अर्ध्या तासात भाव पडला तर काय काय करता येईल ते कागदावर. किती दिवस थांबू शकतो, कुणाचे पैसे आधी. भाव त्यानं वाढणार नाही. सरकारचं काम वही करत नाही, तुमचा राग बरोबर जागी आहे.

साखरझोप | ५ जुलै, रात्री ९:४१

नवऱ्याला हे सांगितलं. म्हणाला, साडेसहाला काळजी आहे ना, मग येताना कोथिंबीर घेऊन ये आणि मग कर.

सायलेंट_मोड | ६ जुलै, पहाटे ४:१८

पहिल्यांदाच लिहितोय. तुमचं सगळं वाचलं. वही केली, उठून बसलो. माझं वेगळं आहे. दोन महिने झाले, चारला जाग येते आणि काळजीही नसते, काहीच नसतं. जेवण जात नाही. मित्रांचे फोन उचलत नाही. कधी कधी वाटतं सकाळ झालीच नाही तर बरं.

ओसरी | ६ जुलै, सकाळी ६:०५

सायलेंट_मोड, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. या धाग्यावरच्या युक्त्या तुमच्यासाठी पुरेशा नाहीत आणि तो तुमचा दोष नाही. पहाटे लवकर जाग, भूक जाणं, माणसं नकोशी होणं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त, हे नैराश्याच्या आजाराचं चित्र असू शकतं. त्याला उपचार आहेत. आज, या आठवड्यात नाही, आजच, १४४१६ला फोन करा. टेली-मानस, सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसाला हे चार ओळींचं लिखाण तसंच्या तसं दाखवा, नव्याने सांगायची गरज नाही. मग मानसोपचारतज्ज्ञ, थायरॉइडची तपासणीही ते सांगतील. आणि ‘सकाळ झाली नाही तर बरं’ हे जास्त जोराने यायला लागलं तर एकटे राहू नका, सरळ जवळच्या रुग्णालयात जा. मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

डबलबेल | ६ जुलै, सकाळी ६:३०

बाळा, मी पाचला उठलेलोच असतो. मलाही व्यनि कर. बोलायचं नसेल तर नुसतं ‘आहे’ एवढं लिही.

सायलेंट_मोड | ६ जुलै, संध्याकाळी ७:५०

केला फोन. ताईला दाखवलं. मंगळवारी जातोय तिच्याबरोबर.

कोकणीमेवा | ९ जुलै, दुपारी १२:१०

उशिरा आलो. कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो, मीठभाकर चहा किती आणि कधी? कॉफी-चहातलं कॅफिन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात. आणि शनिवारचा ‘कार्यक्रम’ असेल तर तोही. दारूने झोप लागते लवकर, पण उत्तररात्री तीच उठवते. स्वानुभव. जास्त तपशील विचारू नये.

मीठभाकर | २७ जुलै, रात्री ९:१५

तीन आठवड्यांनी हिशोब देतो, धंदाच तो.

जाग अजूनही येते, आठवड्यातून चारेकदा. पण पूर्वी दोन तास जायचे, आता बहुतेक वेळा पाऊण तासात परत. दोन रात्री साफ फसल्या. पहिला आठवडा खरंच वाईट गेला, ऑफिसात पेंगलो. संध्याकाळी पाचचा चहा बंद (कोकणीमेवा, धन्यवाद, ‘कार्यक्रम’ आमच्याकडे नाही).

साडेसहाची बैठक गच्चीवर. पहिले चार दिवस विनोदी वाटलं. काळजी करायला बसलो की काळजीच येईना, समोरच्या टाकीवरचे पारवे बघत बसायचो. पाचव्या दिवशी वही चाळली तर एकतीस नोंदी होत्या आणि त्यांतल्या अकरा एकाच गोष्टीच्या. नोकरी नाही, बारावी नाही. आईचं ऑपरेशन. आणि त्यातही ऑपरेशन नाही, त्याच्या खर्चाबद्दल धाकट्या भावाशी बोलायचं राहिलंय, ते. चार महिने मी रात्री तीनला त्याच्याशी भांडत होतो आणि दिवसा त्याला सणाचे मेसेज पाठवत होतो.

परवा केला फोन. बोलणं काही गोड झालं नाही. निम्म्याला तो तयार नाही, तिसरा हिस्सा म्हणतोय. पण आता आकडा तरी आहे.

निंबोणी | २७ जुलै, रात्री ९:३२

आकडा आला की हिशोबनीस झोपतो.

इकडचीतिकडची | २७ जुलै, रात्री ९:५०

‘रात्री तीनला त्याच्याशी भांडत होतो’. हे वाक्य वाचून फोन खाली ठेवला. माझंही एक आहे असं. बघते.

साखरझोप | २८ जुलै, दुपारी १:१५

अवांतर: जायफळाच्या दुधाचं प्रमाण कुणी सांगेल का? सासूबाई आता रोज माझ्याबरोबर ‘जपाला’ बसतात, त्यांनाही द्यायचंय.

ओसरी | २८ जुलै, दुपारी १:४०

चिमूटभर, त्याहून जास्त अजिबात नाही. जायफळ फार झालं तर विषारी असतं. नुसतं दूध दिलंत तरी चालेल.

डबलबेल | २८ जुलै, सकाळची नोंद उशिरा, दुपारी ३:००

सायलेंट_मोडचा रोज पाचला ‘आहे’ येतो. आज ‘आहे, चहा घेतला’ असं आलं. त्याने परवानगी दिली म्हणून लिहितोय.

अर्धवटराव | २८ जुलै, दुपारी ३:२०

गवतीचहा, कांदा काय म्हणतोय?

गवतीचहा | २८ जुलै, रात्री ८:५५

निम्मा विकला. भाव विचारू नका, साडेसहा वाजून गेलेत.